चेंडू रेषेवर पडला होता, हे कोणी सांगायचं?

रामनगरची_आई

२०२५ च्या फ्रेंच ओपन टेनिसमधला कार्लोस अल्काराझ आणि बेन शेल्टनचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक गुण नक्की आठवत असेल. शेल्टनने बाजूने काढलेला पासिंग शॉट अडवायला अल्काराझने नेटजवळ अंग झोकून दिलं. चेंडू रॅकेटला लागून पलीकडे पडला, प्रेक्षक उभे राहिले, पंचांनी गुण त्याला दिला. आणि हा गडी पंचांकडे जाऊन सांगतो की चेंडू लागला तेव्हा रॅकेट माझ्या हातात नव्हती, सुटली होती. हातातून सुटलेल्या रॅकेटने मारलेला फटका नियमात बसत नाही. गुण शेल्टनला गेला. पंचांच्या नजरेतून ते निसटलं होतं. हा बोलला नसता तर पुढचा गुण सुरू झाला असता.

माझी मुलगी बारा वर्षांखालच्या गटात खेळते. तिच्या बरोबरीच्या मुलामुलींना अल्काराझचा ड्रॉप शॉट पाठ आहे, नदालने पाण्याच्या बाटल्या कशा ओळीने मांडायच्या ते पाठ आहे, गुण जिंकल्यावर मूठ कशी आवळायची तेही पाठ आहे. पण वर सांगितलेला गुण त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत होता. मी मुद्दाम विचारलं.

हे लिहायला बसले त्याला कारण मे महिन्यात शहरातल्या एका स्पर्धेत पाहिलेला सामना. स्पर्धेचं आणि खेळाडूंचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. सकाळी साडेसहाचा सामना, कारण नऊनंतर नागपूरच्या मेमध्ये कोर्टावर उभं राहवत नाही. पंच नाही, दोन्ही मुलं आपापल्या बाजूचे कॉल, म्हणजे चेंडू आत की बाहेर, स्वतःच देत होती. एका मुलाने रेषेच्या स्पष्ट आत पडलेला चेंडू आऊट दिला. समोरच्याने फक्त "शुअर?" असं विचारलं. तेवढ्यात जाळीबाहेरून कॉल देणाऱ्याचे वडील ओरडले, "आऊटच होता, खेळ पुढे!" त्यानंतर तो मुलगा प्रत्येक जवळच्या चेंडूला आधी वडिलांकडे बघायचा आणि मग बोट वर करायचा.

त्या मुलाचा मला राग आला नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडे बघूनच शिकतं. म्हणून विचारते, आपण मुलांना चॅम्पियन दाखवतो तेव्हा त्यांचं नेमकं काय दाखवतो? करंडक आणि फोरहँडच ना? अल्काराझ पंचांकडे गेला ते कधी दाखवतो? तुमच्या घरी, तुमच्या अकादमीत याबद्दल काय बोलणं होतं ते सांगा.

वऱ्हाडी_बॅकहँड

ताई, अगदी मनातलं लिहिलं तुमी. मी रोज सकाळी पोट्ट्याले घेऊन कोर्टावर जातो, हेच पाहून राह्यलो. पोट्टे वाईट नाही हो. पण बाहेर बसलेले आमी मायबाप एकेका गुणासाठी असे उठबस करतो की पोट्ट्याले वाटते, हरलो तर घरी जेवायलेच भेटनार नाही.

मी मायासाठी एक नियम केला. सामना सुरू झाला की मी कोर्टाकडे पाठ करून बसतो नाहीतर पार झाडाखाली जातो. पोरगा आला की पयला प्रश्न "जिंकला का?" हा नाही. "समोरचा कसा खेळला?" हे इचारतो. पयले त्याले समजेच ना काय सांगावं. आता सांगतो, त्याची सर्व्हिस भारी होती, त्याने एक गुण सोताहून दिला मले. मंग मी इचारतो, आन तू?

निवृत्त_पंच

राज्यभर ज्युनियर स्पर्धांत पंचगिरी केली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पालकांपैकी पुष्कळांना स्वतः कॉल देण्याचे नियमच माहीत नसतात आणि निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

ज्युनियर गटाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक कोर्टावर पंच बसवणं शक्य नसतं. एकच अधिकारी चार-पाच कोर्टांवर फिरत असतो. अशा सामन्यात नेटच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा कॉल फक्त आपला. आऊट म्हणायचं तर लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायचं. आणि गाभ्याचा नियम हा की शंका असेल तर चेंडू आत धरायचा. 'मला नीट दिसला नाही, पण बहुधा बाहेर होता' असा कॉल नियमात नाही. नीट दिसला नाही म्हणजे चेंडू आत.

आऊट म्हणून टाकलं आणि मग लक्षात आलं की आत होता, तर तसं सांगायची सोय नियमानेच ठेवली आहे. पहिल्यांदा असं झालं तर गुण पुन्हा खेळतात. समोरच्याचा फटका तसाही परतवता येण्यासारखा नसेल तर गुण सरळ त्याचा. त्याच सामन्यात दुसऱ्यांदा झालं तरी गुण समोरच्याचा. म्हणजे कॉल मागे घेणाऱ्याला नियमाने पहिल्या वेळी सांभाळून घेतलं आहे. मुलांना हे समजावून सांगा. कितीतरी मुलं केवळ 'आता मागे फिरलो तर गुण जाईल' या भीतीने चुकीचा कॉल रेटत राहतात.

गुणसंख्येवरून वाद झाला तर दोघांना मान्य असलेले सगळे गुण कायम राहतात, वादातलाच गुण पुन्हा खेळतात. आणि सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा. एवढं पाळलं तरी वाद निम्म्यावर येतील.

बाहेरून पालकांनी कॉल देणं सरळ नियमबाह्य आहे. रामनगरच्या ताईंनी सांगितलेल्या प्रसंगात समोरच्या मुलाने खेळ थांबवून फिरत्या अधिकाऱ्याला बोलवायला हवं होतं. तो त्याचा हक्क आहे आणि हे प्रत्येक मुलाला शिकवलं पाहिजे. खिलाडूवृत्ती म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय गिळून घरी जाणं, असा समज मुलांच्या मनात अजिबात बसू देऊ नका.

धंतोलीकर

मी थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, गैरसमज नसावा.

अल्काराझचा गुण मीही पाहिला आणि मलाही आवडला. पण कोर्टावर पंधरा-वीस कॅमेरे, प्रत्येक फटका चार कोनांतून पुन्हा दिसणार. आपल्या पोरांच्या सामन्याला कॅमेरा नाही, पंच नाही, कधीकधी प्रेक्षकही नाही. तिथे प्रामाणिक राहिलेलं मूल हरतं आणि खोटा कॉल देणारं पुढच्या फेरीत जातं. रँकिंगचे गुण त्याला मिळतात, प्रवासाचा खर्च उचलणारा कोणी मिळालाच तर त्यालाच मिळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलांना फक्त गोड गोष्टी सांगितल्या तर ती मोठी झाल्यावर आपल्यालाच विचारतील की खरं का नाही सांगितलं.

उलट उदाहरणंही आहेत. जुलै २०२३ मध्ये बुडापेस्टला चीनची झांग शुआई आणि हंगेरीची आमारिसा टोथ यांचा सामना होता. मातीचं कोर्ट. झांगचा चेंडू रेषेवर पडला असं तिचं म्हणणं, कॉल आऊट. पंच खाली उतरून बघून गेल्या, निर्णय तोच राहिला. वाद चालू असताना टोथने पायाने मातीवरची खूण पुसून टाकली. झांगला त्रास सुरू झाला, तिने सामना अर्धवट सोडला, आणि टोथने हात वर करून आनंद साजरा केला. पुढे तिने माफी मागितली. पण हे महिला टेनिसच्या मुख्य दौऱ्यावर घडलं, कोपऱ्यातल्या एखाद्या क्लबात नाही. तेव्हा व्यावसायिक खेळाडूंना सरसकट आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवणं मला पटत नाही.

रामनगरची_आई

@धंतोलीकर, बरं झालं लिहिलंत. सरसकट मीही म्हणत नाही. पण कॅमेऱ्याचं म्हणणं पटलं नाही. अँडी रॉडिकची गोष्ट बघा.

रोम, २००५. रॉडिक विरुद्ध फर्नांडो वर्डास्को. रॉडिक पहिला सेट जिंकलेला, दुसऱ्यात ५-३ ने पुढे, आणि हातात लागोपाठ तीन मॅच पॉइंट, म्हणजे त्यातला एक गुण मिळाला की सामना त्याचा. वर्डास्कोची दुसरी सर्व्हिस आऊट दिली. सर्व्हिसच्या दोन्ही संधी गेल्या, म्हणजे डबल फॉल्ट, सामना संपला. रॉडिकने मातीवरची खूण पाहिली होती, चेंडू रेषेला लागला होता. त्याने पंचांना तसं सांगितलं आणि तो गुण वर्डास्कोला दिला गेला. वर्डास्कोने तो गेम वाचवला, सेट वाचवला आणि सामनाही जिंकला. ६-७, ७-६, ६-४.

म्हणजे रॉडिक हरला. बक्षिसाची रक्कम गेली, रँकिंगचे गुण गेले. तुम्ही म्हणता ती किंमत त्याने पूर्ण मोजली. मी मुलीला ही गोष्ट सांगते तेव्हा शेवट लपवत नाही. तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती म्हणाली, "मग तो वेडा होता का?" मी म्हटलं, तू सांग. दोन दिवस तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तर्री पोहे खाताना एकदम म्हणाली, "वर्डास्कोला पण माहीत असेल ना, की तो रॉडिकमुळे जिंकला?"

शाळेतला_पीटी_सर

मी एका शाळेत खेळ शिकवतो. टेनिसपेक्षा कबड्डी, खो-खो जास्त. पण एक गोष्ट सगळ्या खेळांत सारखी दिसते. मुलांना वाटतं, शांत खेळाडू जन्मतःच शांत असतात. "सर, माझा स्वभावच तापट आहे," असं म्हणून ती मोकळी होतात.

म्हणून मी रॉजर फेडररचं लहानपण सांगतो. ज्युनियर असताना तो रॅकेट आपटायचा, आरडाओरडा करायचा, हरला की रडायचा. हे त्याने स्वतः कितीतरी वेळा सांगितलं आहे. त्याला घडवणारे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक पीटर कार्टर २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अपघातात गेले. फेडरर तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा होत होता, अजून एकही ग्रँड स्लॅम जिंकलेला नव्हता. पुढे त्याला पुरुष टेनिसच्या एटीपी संघटनेचा स्टीफन एडबर्ग खिलाडूवृत्ती पुरस्कार १३ वेळा मिळाला. हा पुरस्कार खेळाडूंच्या मतांवर ठरतो. ज्यांना त्याने हरवलं त्यांनीच मतं दिली. आणि हाच फेडरर २००९ च्या यूएस ओपन फायनलमध्ये पंचांवर भडकून अपशब्द बोलला आणि दंड भरला, हेही मी सांगतो. माणूस आयुष्यभर स्वतःला वळण लावत असतो.

नदालचं उलटं. काका टोनी हेच प्रशिक्षक, आणि रॅकेट आपटायची नाही ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची अट. जगात कितीतरी मुलांना रॅकेट विकत घेता येत नाही, हे त्यांचं कारण. २२ ग्रँड स्लॅम जिंकले, त्यातली १४ रोलाँ गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, आणि संतापून रॅकेट मोडलेला नदाल कोणी पाहिला नाही. आमच्या शाळेत सहा जणांत एक रॅकेट फिरते. टोनी काकांचं म्हणणं आमच्या मुलांना लगेच समजतं, दोनदा सांगावं लागत नाही.

नोलेचा_नागपूरकर

फेडरर-नदालचा विषय निघाला की जोकोविचला खलनायक करायची रीतच आहे, म्हणून लिहितो.

होय, तो रॅकेट मोडतो. ते चूकच. सप्टेंबर २०२० मध्ये यूएस ओपनला कारेनो बुस्टाविरुद्ध त्याने रागाने मागे चेंडू मारला, तो रेषा पंच बाईंच्या गळ्याला लागला आणि त्याला स्पर्धेतून बाद केलं. तो तेव्हा जगातला अव्वल खेळाडू होता. हेतू नव्हता, तरी नियम नियमच. माझ्या पुतण्याला मी ती क्लिप मुद्दाम दाखवली, कारण चेंडू रागाने उडवणं धोक्याचं आहे हे दहा वर्षांच्या मुलाला त्याहून स्पष्ट कळत नाही.

पण समोरच्याच्या चांगल्या फटक्याला रॅकेटवर हात आपटून दाद देणारा जोकोविचही तोच आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच फेरीत डेल पोट्रोने त्याला ७-६, ७-६ असं हरवलं. दोघेही रडत होते आणि नेटवर दोघांची मिठी सुटत नव्हती. मनगटाच्या शस्त्रक्रियांमुळे डेल पोट्रोची कारकीर्द संपत आली होती, हे जोकोविचला ठाऊक होतं.

डेल पोट्रोचं नाव निघालंच आहे तर २०१७ ची फ्रेंच ओपन. दुसऱ्या फेरीत समोर स्पेनचा निकोलस अल्माग्रो. एक-एक सेट बरोबरीत असताना अल्माग्रोचा गुडघा गेला, तो मातीवर आडवा पडून रडू लागला. डेल पोट्रो नेट ओलांडून त्याच्याजवळ गेला, हात देऊन उठवलं, मग बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि बोलत राहिला. स्वतः मोठ्या दुखापतींतून गेला होता, म्हणून काय बोलायचं ते त्याला कळलं असावं. मला कोणी एकच क्लिप मुलांना दाखवायला सांगितली तर मी ही दाखवीन.

सदरवाली

सगळी पुरुषांचीच नावं येत आहेत, म्हणून माझी भर.

ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा. दोघी एकमेकींविरुद्ध ८० सामने खेळल्या, त्यांतल्या ६० अंतिम फेऱ्या. हिशेब ४३-३७, मार्टिनाच्या बाजूने. डोक्यात आणून बघा, वर्षानुवर्षं एकच बाई तुमच्या आणि करंडकाच्या मध्ये उभी आहे, आणि सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही दोघीच उरता. एक जिंकलेली, एक हरलेली. त्या खोलीत त्यांची मैत्री झाली आणि टिकली. १९८६ मध्ये फेड कप, म्हणजे देशांच्या महिला संघांची स्पर्धा, प्राग येथे होता. आपला चेकोस्लोव्हाकिया देश सोडून गेलेली मार्टिना अमेरिकेच्या संघातून पहिल्यांदा तिथे परत आली, तेव्हा संघात सोबत ख्रिस होती. २०२२ मध्ये ख्रिसला अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झाल्याचं जाहीर झालं, २०२३ च्या सुरुवातीला मार्टिनाच्या घशाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचं. दोघी उपचारांतही एकमेकींना धरून राहिल्या.

आमच्या मुलींच्या गटात एक समस्या वेगळीच आहे. अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या की शाळेतल्या मैत्रिणी आठवडाभर बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आयाही बोलत नाहीत. मी धाकटीला २०१९ च्या यूएस ओपनमधली नाओमी ओसाका आणि कोको गॉफ दाखवली. ओसाका जिंकली, गॉफ १५ वर्षांची, रडत बाहेर निघाली होती. ओसाकाने तिला थांबवून म्हटलं की एकटीने आत जाऊन रडण्यापेक्षा माझ्यासोबत मुलाखतीला उभी राहा. हरलेल्या खेळाडूला मुलाखतीत बोलवायची पद्धत त्या फेरीत नसते. गॉफ आधी नको म्हणाली, मग उभी राहिली आणि डोळे पुसत बोलली. पुढे २०२३ मध्ये तीच स्पर्धा गॉफने जिंकली.

धाकटीने क्लिप बघून मैत्रिणीला फोन लावला. मी फोन लाव म्हटलं नव्हतं.

जुना_सीताबर्डीकर

तरुणांनी बरंच लिहिलं आहे. मी जुनी दोन-तीन नावं जोडतो, कारण आजच्या मुलांपर्यंत ती पोचतच नाहीत.

पहिलं नाव जर्मनीच्या गॉटफ्रीड फॉन क्राम यांचं. १९३५, देशांच्या संघांमधली डेव्हिस कप स्पर्धा, विम्बल्डनला अमेरिकेविरुद्ध दुहेरीचा सामना. जर्मनीला वाटलं, सामना जिंकला. फॉन क्राम यांनी स्वतः पंचांना सांगितलं की जोडीदाराने मारण्याआधी चेंडू माझ्या रॅकेटला पुसटसा लागून गेला होता. कोणालाच दिसलं नव्हतं. गुण गेला, पुढे सामनाही गेला. त्या काळच्या जर्मनीत अशा पराभवाचा अर्थ काय होता ते लक्षात घ्या. वरचे लोक संतापले. हा माणूस नाझी पक्षात कधी गेला नाही, आणि १९३८ मध्ये त्याला तुरुंगातही जावं लागलं.

दुसरं, मॅट्स विलँडर. १९८२, फ्रेंच ओपन उपांत्य फेरी, वय अवघं १७. अर्जेंटिनाच्या क्लर्कचा फटका आऊट देऊन पंचांनी विलँडरला विजयी घोषित केलं. तो पंचांकडे गेला आणि म्हणाला, मी असा जिंकू शकत नाही, चेंडू चांगला होता. मॅच पॉइंट पुन्हा खेळवला गेला. तोही त्याने जिंकला आणि दोन दिवसांनी स्पर्धाही. धंतोलीकरांना सांगतो, प्रामाणिक माणूस दरवेळी हरतोच असंही नाही.

आणि आपलं घरचं. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात. समोर दक्षिण आफ्रिका, जिथे वर्णभेद हा कायदाच होता. भारताने खेळायला नकार दिला आणि कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. त्यानंतर १९८७ मध्ये आपण एकदा अंतिम फेरीत गेलो, स्वीडनकडून हरलो. आजवर तो कप भारताकडे आलेला नाही. ७४ चा निर्णय सरकारचा आणि संघटनेचा होता, पण किंमत खेळाडूंनी मोजली. अमृतराज बंधूंनी पुढे त्याचं रडगाणं गायलं नाही. त्या वर्षी मी कॉलेजात होतो. रेडिओवर ऐकलं तेव्हा आमच्यात जोराचं भांडण झालं होतं, निम्मे म्हणाले खेळायला हवं होतं. आज मला वाटतं, नकार देणारा संघच मोठा होता.

अंडर_सिक्स्टीन

मी मोठ्यांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना? सोळा वर्षांखालच्या गटात खेळतो, त्यामुळे कॉलचा विषय आमच्या रोजचा आहे.

काका-काकूंना एक सांगायचं होतं. रॉडिक, अल्काराझ सगळं ठीक आहे, पण समोरचा मुलगा सलग तीन खोटे कॉल देतो ना, तेव्हा डोकं फिरतं. मग आपणही एक देऊन टाकावा असं वाटतं. 'हिशेब बरोबर' म्हणतात आमच्यात. माझे खूप मित्र तेच करतात, आणि मुळात वाईट मुलं नाहीत ती. त्या क्षणी काय करायचं हे कोणी शिकवत नाही. कोच म्हणतात दुर्लक्ष कर. दुर्लक्ष होत नाही.

पंच काकांना विचारायचं आहे. अधिकारी बोलावला आणि तो म्हणाला की मी पाहिलं नाही, मग?

निवृत्त_पंच

चालेल म्हणजे काय, तूच लिहायला हवं होतंस.

जो चेंडू अधिकाऱ्याने पाहिला नाही त्याचा कॉल तो बदलू शकत नाही, ते खरं. तरी त्याला बोलवायचं, कारण तक्रार आल्यावर तो काही वेळ तुमच्या कोर्टाशेजारी उभा राहू शकतो. तुला तशी विनंती करता येते. त्याच्या देखत चुकीचा कॉल दिला तर तो तिथल्या तिथे फिरवतो. माझ्या अनुभवात अधिकारी जाळीजवळ येऊन उभा राहिला की खोटे कॉल बहुतेक बंदच होतात.

सरफेसचंही लक्षात ठेव. खूण बघून निर्णय फक्त मातीच्या कोर्टावर. आपल्याकडे हार्ड कोर्टवर चेंडूचा डाग दिसला तरी तो पुरावा धरत नाहीत, त्यामुळे तिथे डागावरून वाद घालण्यात सामना घालवू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, त्या क्षणी काय करायचं. नेटपर्यंत चालत जा. ओरडू नकोस. समोरच्याला विचार, "तुला चेंडू नक्की बाहेर दिसला?" एवढंच. पुन्हा झालं तर हात वर करून अधिकारी बोलव. परत बेसलाईनवर येताना टॉवेल घे, तोंड पूस, आणि पुढच्या सर्व्हिसचा विचार कर. हे सरावात करून बघावं लागतं, बाकी फटक्यांसारखंच. सरावाच्या सामन्यात मित्राला मुद्दाम दोन खोटे कॉल द्यायला सांग आणि ही पद्धत घोटून घे. मी काही मुलांकडून हे करून घेतलं होतं, त्यांना फायदा झाला.

तुझा 'हिशेब बरोबर'चा खोटा कॉल मात्र तुझ्या नावावर लागतो. ज्युनियर टेनिसचं जग लहान आहे. कोणाचे कॉल कसे असतात हे नागपूर, अकोला, अमरावतीपासून पुण्यापर्यंत मुलांना आपापसात पक्कं ठाऊक असतं.

वऱ्हाडी_बॅकहँड

पंच काका, हे सरावात खोटे कॉल द्यायचं उद्याच करून पाहतो आमच्या पोट्ट्यांकडून. मोठी कामाची गोष्ट सांगितली.

धंतोलीकर

माझं म्हणणं थोडं बदलतो. थोडंच.

काल रात्री जुने सामने शोधताना २०१५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा दुसऱ्या फेरीचा सामना पाहिला. नदाल विरुद्ध टिम स्मायचेक, पात्रता फेरीतून आलेला अमेरिकन. पाचवा सेट, नदाल ६-५ ने पुढे, ३०-० वर सर्व्हिस करतोय. चेंडू हवेत असताना प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं आणि नदालची सर्व्हिस बाहेर गेली. स्मायचेकने पंचांना सांगितलं की त्याला पहिली सर्व्हिस पुन्हा करू द्या. चार तासांहून जास्त खेळलेला, कारकिर्दीतला सगळ्यात मोठा विजय दोन-तीन फटक्यांवर, आणि हा माणूस नदालला सर्व्हिस परत देतो. हरला. स्टेडियमने उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या हरणाऱ्यासाठी.

मी म्हणत होतो की चॅम्पियन हे आदर्श नसावेत. आता म्हणतो, आदर्श शोधायला चॅम्पियनच कशाला हवा? स्मायचेक कधी पहिल्या पन्नासातही आला नाही. मुलांना असे खेळाडूही दाखवा. सगळी मुलं नदाल होणार नाहीत, पण स्मायचेकने केलं ते रामनगरच्या कोर्टावर उद्या सकाळी कोणीही करू शकतं.

आणि आपल्या गावचं उदाहरणही हाताशी आहे. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती. जिंकल्यावर आईला मिठी मारून रडली, ते सगळ्या नागपूरने पाहिलं. मी मुलाला हंपीकडेही बघायला सांगितलं. बुद्धिबळात भारतीय मुलींसाठी वाट जिने पाडली ती समोर बसली होती, आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलीशी हस्तांदोलन करून उठली. टेनिस नाही, पण मुलाला मुद्दा कळला.

सदरवाली

हंपीचं लिहिलंत ते फार आवडलं. त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा दिव्यावर होत्या, माझीसुद्धा.

शाळेतला_पीटी_सर

एक विनंती सगळ्यांना. मुलांना क्लिपा दाखवताना लगेच उपदेश करू नका. मी वर्गात फक्त अर्धी क्लिप दाखवतो. रॉडिक पंचांकडे निघाला की थांबवतो आणि विचारतो, तुम्ही काय केलं असतं? उत्तरं प्रामाणिक येतात. निम्म्याहून अधिक हात 'काही बोललो नसतो' याला वर जातात, आणि मी त्यांना रागावत नाही. नंतर उरलेली क्लिप. त्या तासाला पोरं आपापसात जे भांडतात त्यातून माझ्या भाषणापेक्षा जास्त काम होतं.

रामनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून आमच्या कोर्टावरच्या पाच-सहा पालकांशी बोलले. काय ठरलं ते सांगते, इतरांना उपयोग होईल.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे आपसातले सामने ठेवणार आहोत. पंच नाही, सगळे कॉल मुलांचेच. सामन्याआधी पंच काकांनी लिहिलेले नियम मुलांना मराठीत वाचून दाखवायचे, त्यातही कॉल मागे घेण्याचा नियम आधी. पालकांनी कोर्टाच्या जाळीपासून लांब बसायचं, वऱ्हाडी भाऊंच्या झाडाखाली. बक्षीस दोन. एक जिंकणाऱ्याला. दुसरं खेळलेल्या मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ज्याच्याशी पुन्हा खेळायला आवडेल त्याचं नाव. एडबर्ग पुरस्कारात खेळाडूच मत देतात हे पीटी सरांनी लिहिलं, त्यावरून सुचलं. मोठ्यांचं मत त्यात नाही.

दोन पालक म्हणाले, दुसऱ्या बक्षिसाला काही अर्थ नाही, मुलं मित्रांनाच मतं देतील. देतील कदाचित. म्हणून चिठ्ठीत नावासोबत कारणही एका ओळीत लिहायला सांगणार आहोत. पंच काका, एक सकाळ तुम्ही येऊ शकाल का? खुर्चीवर बसायला नाही, नियम समजावून सांगायला. @अंडर_सिक्स्टीन, तूही ये. बारा वर्षांखालची मुलं आमच्यापेक्षा तुझं जास्त ऐकतील.

निवृत्त_पंच

येतो. सकाळी सहाला सुरू करा, ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं. आणि प्रत्येक कोर्टावर स्कोअरचे आकडे उलटायची पाटी लावा. लहान मुलांचे वाद बरेचदा कॉलवरून नाही, स्कोअर विसरल्यामुळे होतात.

अंडर_सिक्स्टीन

हो, येईन. तो नेटपर्यंत चालत जाण्याचा सराव आज मित्रासोबत केला. पहिल्या खोट्या कॉलला मला हसू आलं, दुसऱ्याला खरंच राग आला, माहीत असूनही. तिसऱ्या वेळी जमलं. उद्या पुन्हा करतोय.